निष्ठा की लाचारी?

अमुक मनुष्याने पोटासाठी धर्म बदलला, असे म्हणावयास फारशी विद्वत्ता लागत नाही, आणि फारसे धैर्यही लागत नाही. ज्याच्याविषयी हे म्हणावयाचे तो बहुधा समोर नसतो. आणि असलाच तर उत्तर देण्याइतका बलवान नसतो. आमच्या जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षितांच्या बैठकीत मराठी ख्रिस्ती समाजाचा विषय क्वचितच निघतो. पण निघाला म्हणजे तो दोन वाक्यांत संपविण्याचा प्रघात आहे. पहिले वाक्य, ‘दुष्काळात धान्य मिळाले म्हणून हे लोक तिकडे गेले.’ दुसरे, ‘आणि आता परत येता येत नाही म्हणून तिकडेच राहिले.’ म्हणजे येणे भुकेमुळे आणि राहणे नाइलाजामुळे. मध्ये श्रद्धा नावाच्या वस्तूला जागाच नाही. ह्या दोन वाक्यांचा निकाल लावण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ख्रिस्ती धर्ममते खरी की खोटी, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. ज्यांनी ती संकटांत, उपहासात आणि स्वकीयांच्या उपेक्षेत धरून ठेविली, त्यांच्या निष्ठेला आपण कोणत्या मापाने मोजतो, एवढाच प्रश्न आहे.

आरंभीच आक्षेपकांच्या पदरी जे न्यायाने पडते ते घालू. १८९९-१९०० चा दुष्काळ पश्चिम हिंदुस्थानात किती भयंकर होता हे निराळे सांगावयास नको. त्या काळी मिशनांनी अन्नछत्रे चालविली, अनाथ मुले सांभाळली, आणि त्यांच्या आश्रयास आलेल्यांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा झाला. वऱ्हाडातून भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडे पसरलेल्या अमेरिकन अलायन्स मिशनचे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशातील भिल्लांत उतरलेल्या स्कँडिनेव्हियन मिशनचे कार्य ह्याच काळाच्या आगेमागे वाढले. भाकरी आणि शुभवर्तमान एकाच हाताने वाटले गेले, की घेणाऱ्याचे मन कशाकडे होते हे सांगणे अवघड होते. आणि ही अडचण वाटणाऱ्यांनीच निर्माण केली होती, हेही कबूल केले पाहिजे. इतकेच नव्हे, तर पाऊस पडल्यावर कित्येक जण जसे आले तसे निघून गेले असतील, हेही आम्ही मान्य करतो.

पण एवढे मान्य केल्याने आक्षेपकांचे काम होत नाही, उलट बिघडते. जे धान्यासाठी आले होते ते धान्य संपल्यावर गेले असतील, तर जे राहिले ते कशासाठी राहिले? दुष्काळ एक-दोन वर्षांचा. राहणे सव्वाशे वर्षांचे. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत परदेशी मिशनरी बहुतेक निघून गेले आणि त्यांच्यामागून त्यांचा पैसाही आटला. तरी रविवारची घंटा वाजावयाची थांबली नाही. जे कारण केव्हाच नाहीसे झाले त्यावर आजचे कार्य लादणे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही शोभणार नाही.

मग आक्षेपक दुसऱ्या वाक्याकडे वळतो: परतीची वाट नव्हती म्हणून राहिले. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आक्षेपकाच्याच अंगावर येणारे आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या पंडिताने प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे म्हणून खटपट केली. तरी सनातनी मंडळींनी केवढे रण माजविले, हे मराठी पत्रांच्या इतिहासात नमूद आहे. ज्या समाजाने एका अजाण मुलाला आत घेण्यासाठी एवढी खळखळ केली, त्याच्या वंशजांनी आज ‘परत येता आले नाही म्हणून राहिले’ असे म्हणून हसावे काय? दाराला आतून कडी घालणाऱ्याने बाहेरच्याला ‘तू लाचार म्हणून बाहेर आहेस’ असे म्हणण्यासारखेच हे आहे.

शिवाय पुढे दार सर्वस्वी बंद राहिले, असेही नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शुद्धीची चळवळ जोरात आली. १९२८ साली गोव्यात विनायकमहाराज मसूरकरांनी हजारो गावड्यांना हिंदुधर्मात परत घेतले. ज्यांना परतावेसे वाटले ते परतले. तो त्यांचा अधिकार होता आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणत्याही पाद्र्यास नाही. पण वाट उघडल्यावरही जे परतले नाहीत, त्यांच्या राहण्याला नाइलाज हे नाव कसे देता येईल? वाट असता न जाणे ह्याला मराठीत निवड म्हणतात.

आता किंमतीचा हिशोब पाहू. कारण आक्षेपकाला धर्म हा सौदा वाटतो, आणि सौद्यात दोन्ही बाजूंचे आकडे पाहावे लागतात. १८५० चा कायदा होईपर्यंत धर्मांतर करणाऱ्याचा वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क धोक्यात असे. त्या कायद्याने हक्क राखला. पण घराचा उंबरा कायद्याने राखता येत नाही. बायको, आई, भाऊ, पंगत, पाणवठा ही सर्व सुटत. १८६६ साली आणखी एक कायदा झाला. धर्मांतरामुळे नवऱ्याला किंवा बायकोला जोडीदाराने टाकले, तर न्यायालयातून विवाह मोडून घेण्याची सोय त्याने झाली. असा कायदा करावा लागला ह्यावरूनच किती संसार उद्ध्वस्त होत होते ह्याची कल्पना येते.

आणि स्वतंत्र भारतात काय झाले? १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने असे ठरले, की हिंदुधर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. पुढे १९५६ त शिखांना आणि १९९० त बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा, की पूर्वाश्रमीच्या महार, मांग किंवा चांभार कुटुंबातील मुलगा शाळेच्या अर्जावर ‘ख्रिस्ती’ हा एक खरा शब्द लिहितो आणि त्या शब्दाबरोबर अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीवर व राखीव जागेवर पाणी सोडतो. जुना शब्द लिहिला तर ती त्याची आहे. गावातील त्याची पायरी मात्र धर्म बदलल्याने बदलत नाही; गाव त्याला पूर्वीच्याच नावाने ओळखते. सत्तर वर्षांहून अधिक काळ हा व्यवहार उलट दिशेने चालला आहे. ख्रिस्ती म्हणविण्याबद्दल काही मिळत नाही. द्यावे मात्र लागते. पोटासाठीच जर हे लोक गेले होते, तर १९५० च्या दुसऱ्या दिवशी एकही उरावयास नको होता. काहींनी घरी एक धर्म आणि कागदावर दुसरा, अशी तडजोड केली असेल. ज्यांच्या मुलाची फी ह्या एका शब्दावर कधी अडली नाही, त्यांनी त्या तडजोडीचा न्याय करू नये. पण ज्यांनी खरा शब्द लिहिला, त्यांना लाचार म्हणताना तरी जीभ अडखळावी!

नवापूर-नंदुरबारकडील आदिवासी ख्रिस्त्यांची स्थिती निराळी आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणून तेथे आता असा आवाज उठतो, की धर्म बदलणाऱ्याला यादीतून वगळावे. म्हणजे एके ठिकाणी म्हणावयाचे की हे लोभाने राहिले, आणि दुसरीकडे राहण्याला दंड ठोठवावयाचा. ज्याची निष्ठा लोभाची आहे अशी आपली खात्री आहे, तिला दंडाचे भय घालण्याची एवढी गरज का भासावी?

हे झाले अप्रसिद्धांविषयी. प्रसिद्धांच्या बाबतीत आम्ही सुशिक्षित अधिक सभ्य असतो, आणि म्हणूनच अधिक अन्याय करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे ‘फुलामुलांचे कवी’. लक्ष्मीबाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ आणि त्यातील विनोद. पंडिता रमाबाई म्हणजे स्त्रीशिक्षण. तिघांच्याही आयुष्याचा जो मध्यबिंदू, तो तेवढा पाठ्यपुस्तकाच्या कात्रीने कापून काढावयाचा आणि उरलेल्यावर पुष्पवृष्टी करावयाची! निंदकाच्या शिवीपेक्षा ही स्तुती आम्हाला अधिक अप्रामाणिक वाटते. शिवी देणारा निदान श्रद्धा दिसल्याचे कबूल करतो. स्तुती करणारा ती दिसलीच नाही असे भासवितो.

टिळकांचेच पाहा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि सुमारे पाच वर्षे पतिपत्नींचा धर्म वेगळा झाला. त्यातील पुष्कळ काळ संसारही तुटलेला. १८६६ च्या कायद्याची वाट मोकळी होती. टिळकांनी ती धरली नाही. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही आपली चूल आणि आपले सोवळे घेऊन. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्याआधी त्यांच्या मनातून जातिभेद गेला होता. एका हट्टी, बुद्धिमान स्त्रीने पाच वर्षे नवऱ्याशी वाद घालून, त्याच्याविना राहून, मग स्वतःच्या विचाराने टाकलेले ते पाऊल आहे. ह्याला आमिष म्हणावयाचे, तर आमिष ह्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

मिशनचा पगार आणि ख्रिस्त ह्यांपैकी टिळकांचा जीव कशात होता, ह्याचा तर प्रत्यक्ष प्रयोगच झालेला आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. मिशनऱ्यांचा साहेबी थाट, हिंदी ख्रिस्त्यांवरील त्यांचे पालकत्व, आणि तुकोबाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या मनाला उपरा वाटणारा तो सगळा व्यवहार, ह्यांना ते विटले होते. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जशी जागा होती तशीच न झालेल्यांनाही. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. आयुष्याच्या उतारावर, प्रकृती ढासळलेली असता, ठरलेले वेतन सोडून श्रद्धा तेवढी बरोबर घेऊन निघालेला हा मनुष्य आहे. दोन गोष्टी एकत्र असतात तोवर माणूस कोणत्या गोष्टीला चिकटला आहे हे कळत नाही. त्या वेगळ्या झाल्या म्हणजे कळते. येथे त्या वेगळ्या झाल्या, आणि टिळकांनी कोणती उचलली हे सर्वांनी पाहिले.

आमच्या खानदेशालाही ह्या घराची एक साक्ष देता येण्यासारखी आहे, आणि ती ख्रिस्ती नसलेल्या मनुष्याची आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या कोवळ्या मुलाने तेथे कविता म्हटली, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्यांनी त्यास ‘बालकवी’ म्हटले. टिळकांनी त्याला जवळ केले आणि अहमदनगरच्या आपल्या घरी पोरासारखा सांभाळला. गरीब, पोरसवदा, भावनाप्रधान मुलगा. जेवू घालणारे घर ख्रिस्ती. आणि घरधनी धर्मोपदेशक. आक्षेपकाच्या सिद्धांताप्रमाणे ह्याहून सोपे सावज कोठले? पण बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तोही हिंदू म्हणूनच. त्या घरची भाकरी खाणाऱ्याला तिच्या मोबदल्यात धर्म द्यावा लागत नव्हता, ह्याचा याहून बिनतोड पुरावा आमच्याच मातीत आहे, आणि तो आम्ही निसर्गकवितेच्या पानांत दडपून टाकला आहे.

पंडिता रमाबाईंची कथा तर आक्षेपाला मुळापासून उपटणारी आहे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आईबाप गेले. स्वतः त्या भावाबरोबर अर्धपोटी, अनवाणी देशभर पुराणे सांगत हिंडल्या. पोटासाठीच ख्रिस्ती व्हावयाचे असते तर ती वेळ होती. तेव्हा त्या झाल्या नाहीत. झाल्या त्या १८८३ साली इंग्लंडात, विदुषी म्हणून नावलौकिक मिळाल्यावर. ज्या जोगिणींच्या आश्रमात त्या राहिल्या, त्यांच्यापुढेही त्यांनी मान तुकविली नाही. सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला आहे. धर्ममत माझी सदसद्विवेकबुद्धी ठरवील, वडीलधाऱ्यांची आज्ञा ठरविणार नाही, हाच त्यातील सूर आहे. पुण्यास शारदासदन आल्यावर १८९३ च्या वादळात रानडे-भांडारकरांसारखे आधार सुटले, पालकांनी मुली काढून नेल्या. स्वकीयांना त्या पाखंडी वाटल्या आणि परकीय धर्मबंधूंना हट्टी. तरी केडगावास त्यांनी दुष्काळातील शेकडो मुली सांभाळल्या. १९२१ साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा गेली. पुढच्या वर्षी, बायबलाचे मराठी भाषांतर हातावेगळे करून, त्याही गेल्या.

ह्यावर कोणी म्हणेल, ही सर्व उच्चवर्णीय, लिहिती माणसे. ह्यांच्यावरून भुसावळच्या मजुराविषयी किंवा नवापूरच्या भिल्लाविषयी काय सिद्ध होते? आक्षेप रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच, की लिहिणाऱ्यांच्या मनाचा पुरावा कागदावर राहिला आणि न लिहिणाऱ्यांच्या मनाचा त्यांच्या वागण्यात. ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही त्याला अंतःकरणच नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. अर्जावरील तो एक शब्द हेच त्याचे आत्मचरित्र होय.

येथवर आम्ही एका बाजूशी बोललो. आता दुसरीशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. चिकाटीची थोरवी ख्रिस्ती व्यासपीठावरूनही पुष्कळ गाइली जाते, आणि तीही नेहमी सरळ हेतूने नव्हे. ‘सोसा, म्हणजे मुकुट मिळेल’ हा उपदेश स्वतः न सोसणाऱ्याने सोसणाऱ्याला करणे हा एक सोयीचा धंदा आहे. मंडळीतील गरिबाने पंचांच्या कारभाराविषयी प्रश्न विचारला की त्याला सहनशीलतेचे वचन काढून दाखवावयाचे, ही निष्ठेची शिकवण नव्हे. टिळक आणि रमाबाई ह्यांचे उदाहरण नेमके उलटे आहे: त्यांची निष्ठा देवाशी होती म्हणूनच त्यांना माणसांच्या आज्ञा मोडता आल्या. टिकून राहणे आणि गप्प राहणे ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

दुसरा प्रकार अलीकडचा आणि अधिक घातक आहे. ‘प्रार्थनेला या, रोग जाईल, कर्ज फिटेल, नोकरी लागेल’ असे सांगत फिरणारे उपदेशक आता आमच्याकडील वाड्यापाड्यांपर्यंतही पोहोचले आहेत. रोग पुष्कळदा जात नाही. मग त्या बापड्याला वाटते की आपला विश्वासच उणा पडला. रोगाच्या जोडीला अपराधाचे ओझे येते आणि तो खचून जातो. अशा उपदेशकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ते आणि त्यांचे कट्टर निंदक एकच तत्त्व शिकवीत आहेत. दोघांच्याही मते धर्म ही देवघेव आहे. एक म्हणतो, ‘तू लाभासाठी आलास’. दुसरा म्हणतो, ‘लाभासाठी ये’. ज्या धर्माच्या मध्यभागी क्रूस आहे, मित्रांनी टाकलेला आणि आकाशाकडून उत्तर न मिळालेला मनुष्य आहे, त्या धर्माची जाहिरात लाभाच्या भाषेत करणे हा त्याचा याहून मोठा अपमान कोणत्याही विरोधकाला साधलेला नाही.

येथे एक खुलासा अवश्य आहे. कोणी पुष्कळ सोसले एवढ्यावरून त्याचे मत सत्य ठरत नाही. चुकीच्या मतांसाठीही माणसे फासावर गेली आहेत. म्हणून मराठी ख्रिस्त्यांच्या सोशिकपणावरून त्यांच्या धर्ममतांची सिद्धी आम्ही करीत नाही, आणि कोणी करू लागल्यास आम्ही त्यालाही विरोध करू. सोसण्याने मताची सत्यता सिद्ध होत नसली तरी मनुष्याची सचोटी सिद्ध होते. आणि वाद सचोटीचाच होता.

तीच तूट भरून काढण्यासाठी आपल्याच घरचे माप घेऊ. चोखोबांना पंढरीच्या देवळात पाऊल ठेवू दिले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना ते भिंतीखाली गेले, आणि त्यांची समाधी महाद्वारापुढे, दाराबाहेरच राहिली. ज्या देवाच्या दारी प्रवेश नाही त्याच देवाला जन्मभर हाक मारणे ह्याला आपण काय म्हणतो? भक्ती म्हणतो, आणि ते बरोबर आहे. त्याच मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी उपोषण केले. त्यांना आपण श्रद्धाळू म्हणतो, आणि तेही बरोबर आहे. मग बाहेर उभे राहून, उपेक्षा पचवून, लाभावाचून एक नाव घेत राहणारा मनुष्य विठ्ठलाऐवजी येशूचे नाव घेतो, एवढ्यानेच त्याची भक्ती लाचारी कशी होते? सोन्याचा कस पाहण्याचा दगड एकच असतो. सोनाराच्या जातीप्रमाणे तो बदलत नसतो.

आमचे मागणे फार मोठे नाही. टिळक, लक्ष्मीबाई आणि रमाबाई शिकवावयाच्या तर पूर्ण शिकवा. त्यांची श्रद्धा पटत नसेल तर तिच्याशी वाद घाला, पण ती नव्हतीच असे भासवू नका. १९५० च्या आदेशावर मत देताना, खरे बोलणाऱ्याने शिष्यवृत्ती गमवावी ही व्यवस्था सत्यमेव जयते म्हणणाऱ्या राज्याला शोभते काय, ह्याचा विचार करा. आणि आपल्या आळीतील ख्रिस्ती कुटुंबाविषयी ‘ते पोटासाठी झाले’ हे वाक्य ओठावर येईल तेव्हा एकच प्रश्न स्वतःला विचारा: एवढी किंमत देऊन, एवढी वर्षे, कोणाच्याही शाबासकीवाचून, मी स्वतः कोणती गोष्ट धरून ठेविली आहे? उत्तर सापडेपर्यंत मौन पाळल्यास कोणाचेच नुकसान होणार नाही.